लोंबीवरचा ढेकण्या

भाद्रपद सरत आला होता. लोणावळ्याहून वडगाव मावळला गेलो, तेव्हा एका ओळखीच्या शेतकऱ्याने लोंबीवरचा हिरवट, काडीसारखा लांबट किडा माझ्यापुढे धरला. "मास्तर, ढेकण्या म्हणतो आम्ही. पण ह्याची जात कोणती?"

बोट लावले मात्र, आणि काय ती दुर्गंधी! दिवसभर हाताचा वास गेला नाही.

घरी भिंग काढले. जबडे नाहीत, सोंड आहे. म्हणजे हा ढेकणाच्याच गणातला. वंश लेप्टोकोरायझा. इथवर ठीक, पण पुढे घोडे अडले. अक्युटा की ओरॅटोरिया? पाठीकडून दोघे जुळे भाऊ! इम्तियाज अहमद यांनी १९६५ साली या वंशाची फेरतपासणी केली, तोवर भल्याभल्यांनी त्यांची गल्लत केली होती. किडा उताणा केला. पोटाच्या कडांना काळसर ठिपके असते, तर ओरॅटोरिया. ते नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी ऐटीत म्हणालो, "अक्युटा!"

त्याने इंद्रायणीची एक लोंबी चिमटीत दाबली. दूध आलेच नाही. सोंडेने आधीच शोषलेले. "ठिपकेवाला काही कमी पितो का, मास्तर?"

"नाही रे बाबा. पण लोंबी येण्याआधी दोघेही बांधावरच्या गवतावरच दिवस काढतात."

तो बांधाकडे पाहत राहिला, मग विळा आणायला गेला. मीही एक मागून घेतला.