दहावीनंतरचा चौरस्ता

दहावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातील लाखो घरांत एकच प्रश्न उभा राहतो : पुढे काय? या प्रश्नाचे उत्तर बहुधा गुणपत्रिकेवरून काढले जाते. गुण भरपूर असतील तर विज्ञान, बेताचे असतील तर वाणिज्य, आणि दोन्ही दारे बंद झाली तर कला, अशी ही सोपी पण घातक वाटणी आहे. मुलाला काय जमते, काय आवडते आणि घरच्या परिस्थितीत काय पेलवेल, याची चौकशी करण्यास कोणालाही सवड नसते. निर्णय चुकल्याचे कळते तेव्हा दोन-तीन वर्षे वाया गेलेली असतात आणि मुलाचा स्वतःवरचा विश्वासही उडालेला असतो.

शाळेने मुलाला केवळ विषय शिकवून थांबू नये, त्याला स्वतःची ओळख करून घेण्यासही साह्य करावे, हा विचार आपल्याकडे नवा नाही. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांत व्यवसाय मार्गदर्शनाची निकड सांगितली होती. पुढे १९६४-६६ मध्ये डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने मार्गदर्शन हा शिक्षणाचाच अविभाज्य भाग मानला आणि निदान दहा शाळांमागे एक फिरता समुपदेशक असावा, अशी माफक अपेक्षा व्यक्त केली. कोल्हापूर जिल्ह्यातून आलेले जे. पी. नाईक हे या आयोगाचे सदस्य-सचिव होते. म्हणजे ही शिफारस महाराष्ट्राला परकी होती, असे म्हणण्याची सोय नाही. तरीही साठ वर्षांनंतर खेड्यांतील किती शाळांना समुपदेशकाचे दर्शन घडते?

मधल्या काळात प्रयत्न झालेच नाहीत, असे नव्हे. २०१६ मध्ये राज्याच्या शिक्षण खात्याने दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी सुरू केली. हेतू स्तुत्य होता. परंतु कल कोणता हे कागदावर छापून मिळाले, तरी त्या कागदाचा अर्थ मुलाला आणि त्याच्या पालकांना समजावून सांगणारे माणूस शाळेत नसेल, तर त्याचे मोल जन्मपत्रिकेहून फारसे अधिक राहत नाही. थर्मामीटरने ताप कळतो, उतरत नाही. शिवाय वाढत्या वयातील मुलाची ओळख एका दिवसात होत नसते. त्यासाठी सहवास लागतो.

म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सुकदेव साहा प्रकरणात घालून दिलेली मार्गदर्शक तत्त्वे महत्त्वाची आहेत. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा, आणि विशेषतः परीक्षा व शैक्षणिक संक्रमणाच्या काळात विद्यार्थ्यांच्या लहान गटांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक नेमावेत, असे न्यायालयाने सांगितले. कोवळ्या वयातील आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर आलेला हा निर्णय आहे, हे विसरता कामा नये.

समुपदेशकांची भरती होईपर्यंत शाळांनी हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. प्रत्येक अध्यापकाकडे आठवीतील वीसएक मुले सोपवावीत, ती दहावीपर्यंत त्याच्याकडेच राहावीत आणि आठवड्यातील एक तासिका केवळ त्यांच्याशी बोलण्यासाठी राखून ठेवावी. या तासिकेत अभ्यासाच्या अडचणी निघतील, तशीच औद्योगिक प्रशिक्षण संस्था, तंत्रनिकेतने, शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहे यांची माहितीही देता येईल. आज ही माहिती शहरातील सुखवस्तू पालक पैसे मोजून मिळवतो. शेतमजुराच्या मुलाला ती शाळेतच मिळाली पाहिजे, कारण दुसरीकडे कोठेही ती मिळण्याचा संभव नाही.

मुलींच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिक गंभीर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रियांचे विवाह वयाची अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झाले होते. वर्गात अचानक गप्प झालेल्या मुलीच्या घरी काय शिजते आहे, हे वेळीच ओळखून तिच्या पालकांशी बोलू शकणारा शिक्षक एका मुलीचे शिक्षण वाचवू शकतो.

शिक्षकांवर आधीच कामांचा बोजा आहे, हा आक्षेप खरा आहे. निवडणुका, जनगणना आणि नाना प्रकारची माहिती भरण्यात त्यांचा वेळ जातो. परंतु यावर उपाय म्हणजे कारकुनी कामे कमी करणे. मुलांशी बोलणे टाळणे नव्हे. या तासिकेची नोंद वेळापत्रकात झाली पाहिजे, तिचा वेळ शिक्षकाच्या कार्यभारात धरला पाहिजे आणि गणिताचा राहिलेला भाग उरकण्यासाठी ती बळकावली जाणार नाही, याची हमी मुख्याध्यापकांनी दिली पाहिजे. गंभीर मानसिक ताण ओळखून मुलाला तज्ज्ञाकडे पाठविण्यापुरते प्रशिक्षणही शिक्षकांना हवे.

गुणपत्रिका मूल कोठवर आले ते सांगते. त्याने कोणत्या वाटेने जावे, हे ठरविण्यासाठी त्याला ओळखणारे एक तरी माणूस शाळेत असावे, ही मागणी अवाजवी नाही. साठ वर्षे ती कागदावर राहिली, एवढीच नामुष्की पुरे आहे.