चाळीस हजारांच्या वसुलीची किंमत

दीड लाखाचे फर्निचर करून दिलेल्या सुताराचे 40,000 रुपये घरमालकाकडे अडकले आहेत. मालक म्हणतो, काम निकृष्ट आहे. सुतार म्हणतो, काम पसंत करून आता पैसे बुडवले जात आहेत. कोण खरे हे न्यायाधीशाने ठरवायचे. पण तिथपर्यंत पोहोचण्याचा खर्च या दोघांसाठी सारखा नाही, आणि रक्कम जितकी लहान तितका हा फरक जाचक ठरतो.

आधी मालकाची बाजू पाहू. तो ग्राहक आहे. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करायला एक रुपयाही शुल्क लागत नाही. वीस ते पन्नास लाखांच्या व्यवहारालाही शुल्क हजारच रुपये आहे. तक्रार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात करता येते, ऑनलाइन करता येते आणि वकील लावणे बंधनकारक नाही. वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी लागणार नसेल, तर तीन महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात त्याहून बराच वेळ जातो. तरी दाराशी पैसे मोजावे लागत नाहीत, हे महत्त्वाचे.

सुताराला हे दार नाही. तो सेवा देणारा आहे, ग्राहक नव्हे. थकलेल्या बिलासाठी त्याला दिवाणी न्यायालयात वसुलीचा दावा लावावा लागतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या थकबाकीसाठी 2006 च्या कायद्याखाली स्वतंत्र परिषद आहे, पण उद्योग म्हणून नोंदणी न केलेल्या कारागिराला तिचा सहसा उपयोग होत नाही. मुंबईत लघुवाद न्यायालय आहे. त्याच्या नावावरून लहान रकमांचे सगळे वाद तिथे चालत असतील असे वाटते, परंतु त्याचा बहुतेक वेळ घरमालक आणि भाडेकरूंच्या खटल्यांत जातो.

दिवाणी दाव्याचा पहिला खर्च कोर्ट फीचा. ती दाव्याच्या रकमेनुसार ठरते आणि दावा दाखल करतानाच भरावी लागते. त्यापाठोपाठ वकिलाची नोटीस, वकीलपत्र, टायपिंग, झेरॉक्स, शपथपत्राची नोटरी आणि समन्स बजावण्याचा खर्च येतो. स्वतःचा दावा स्वतः चालवण्याची मुभा आहे. मात्र दाव्याचा मसुदा, पुराव्याची यादी आणि उलटतपासणी ही कामे सामान्य माणसाच्या आवाक्यातली नाहीत, म्हणून वकिलाची फी जवळपास अटळ ठरते.

कोणत्याही पावतीवर न दिसणारा खर्च तारखांचा असतो. समन्स मिळाल्यावर प्रतिवादीने 30 दिवसांत कैफियत द्यावी, फार तर 90 दिवसांत, असा नियम आहे. सुनावणी सुरू झाल्यावर एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देऊ नये, असाही नियम आहे. तरी पुढची तारीख मिळतच राहते. पगारी माणूस रजा टाकतो. रोजावर काम करणाऱ्या सुताराची त्या दिवसाची कमाई बुडते आणि हातातले कामही दुसऱ्याकडे जाते. पैसे बुडवणाऱ्याला हा हिशेब पक्का ठाऊक असतो. म्हणूनच ‘जा कोर्टात’ हे वाक्य तो इतक्या निर्धास्तपणे उच्चारतो.

दावा जिंकल्यावर हा खर्च परत मिळतो का? दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 35 सांगते की खर्च सर्वसाधारणपणे हरणाऱ्याने द्यावा. पण न्यायालय मंजूर करते तो खर्च आणि खिशातून गेलेला खर्च यांत मोठे अंतर असते. बुडालेल्या रोजांचा तर त्यात विचारही होत नाही. समोरच्याने जाणूनबुजून खोटा बचाव केला, तर कलम 35अ खाली भरपाई मागता येते. तिची कमाल मर्यादा आहे 3,000 रुपये. ही मर्यादा 1976 च्या दुरुस्तीतली आहे. खर्चाचे आदेश वास्तवाला धरून असावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2005 पासून अनेक निकालांत बजावले आहे. आकडा मात्र हललेला नाही.

व्याजाचेही तसेच. घरगुती स्वरूपाच्या येण्यावर हुकूमनाम्यानंतर वर्षाला सहा टक्क्यांहून अधिक व्याज देता येत नाही. त्यामुळे पैसे थकवणे हे बँकेकडून कर्ज काढण्यापेक्षा स्वस्त पडते.

आणि हुकूमनामा म्हणजे पैसे नव्हेत. समोरच्याने रक्कम भरली नाही तर दरखास्त दाखल करावी लागते, आणि तिथे खर्चाचा दुसरा फेरा सुरू होतो. भारतातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, असे निरीक्षण प्रिव्ही कौन्सिलने 1872 मध्ये नोंदवले होते. मालमत्ता कुठे आहे हे वादीनेच शोधायचे. पगारावर जप्ती आणायची तर पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग वगळावा लागतो. ऐपत असून पैसे न देणाऱ्याला दिवाणी तुरुंगात पाठवता येते, पण त्याच्या तिथल्या जेवणाखाण्याचा भत्ताही आधी वादीने भरायचा. दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये दिला, तो याच दुखण्यावर.

एक वाट तुलनेने स्वस्त आहे. दावा लावण्याआधीच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून वाद लोकअदालतीत नेता येतो. त्याला कोर्ट फी नाही. चालू दावा तिथे मिटला तर भरलेली फी परत मिळते. तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखा अंमलात येतो आणि त्यावर अपील नाही. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना प्राधिकरणाकडून मोफत वकीलही मिळतो. मर्यादा एवढीच, की लोकअदालत दोघांच्या संमतीने चालते. जो फोनच उचलत नाही, तो तडजोडीला कशाला येईल?

हे सारे पाहता कोर्ट फी कमी करा ही नेहमीची मागणी अपुरी वाटते. फी हा लहान दाव्याच्या खर्चातला लहान भाग आहे. खरा अन्याय असा, की विलंबाचा सगळा भार पैसे अडकलेल्यावर पडतो आणि अडकवणाऱ्याला त्याची झळ लागत नाही. म्हणून पहिला बदल 35अ मधल्या त्या 3,000 रुपयांत व्हावा, आणि खर्च मंजूर करताना बुडालेले रोज धरले जावेत. दिवाणी प्रक्रिया समवर्ती सूचीत आहे. राष्ट्रपतींची संमती घेऊन महाराष्ट्राला ही दुरुस्ती स्वतः करता येईल. दुसरा बदल म्हणजे ग्राहकाला मिळालेले बिनशुल्क, बिनवकिलाचे दार एक-दोन लाखांपर्यंतच्या मजुरीच्या आणि बिलांच्या दाव्यांनाही उघडावे. कोर्ट फी हा राज्याच्याच अखत्यारीतला विषय असल्याने निदान शुल्काचा भाग तरी विधिमंडळाच्या एका अधिवेशनात मार्गी लागू शकतो.

तोपर्यंत सुताराने एक गोष्ट जरूर करावी. केलेल्या कामाच्या पैशांसाठी दावा लावायला काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. ती संपण्याआधी येणे मान्य असल्याचे समोरच्याकडून सहीनिशी लिहून घेतले, तर त्या तारखेपासून मुदत नव्याने सुरू होते.