हिशेबाच्या खोलीचे दार

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी वही पुढे करतो. नाव, गाव, वेळ लिहिल्याशिवाय पाऊल आत पडत नाही. हिशेबनिसाच्या टेबलावरील संगणकाला मात्र असा पहारा क्वचितच असतो. संगणकावरचे दरोडे बँकांवर पडतात, आमच्याकडून नेणार काय, असे छोटा कारखानदार विचारतो. बँकांवर ते पडतात हे खरेच. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये असेच गेले. बनावट कार्डांनी २८ देशांतील एटीएममधून पैसे निघत होते आणि चोरांची खोटी यंत्रणा बँकेला न विचारता परस्पर होकार देत होती. दिवस निवडला होता शनिवार.

पण कारखानदाराने लक्षात ठेवावी ती घटना निराळी. २७ जून २०१७ रोजी न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क समूहाच्या धक्क्यावरील काम कोलमडले. या बंदरावर कोणाचा डोळा होता असे नव्हे. युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या हिशेबाच्या एका प्रणालीतून विषाणू सुटला, मर्स्कच्या जाळ्यात शिरला आणि हिंडत हिंडत आपल्या किनाऱ्याला लागला. तारापूरचा निर्यातीचा माल याच बंदरातून जातो. दुसऱ्याच्या हिशेबाच्या खोलीतले दार उघडे राहिले, तरी आपला कंटेनर अडकतो तो असा.

आणखी एक धडा अगदी शेजारचा आहे. तारापूर अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या. हे केंद्र चालवणाऱ्या महामंडळाच्याच कुडनकुलम केंद्रात सप्टेंबर २०१९ मध्ये एका संगणकात घातक प्रणाली आढळली. असा हल्ला शक्यच नाही, असे केंद्राने ऑक्टोबरअखेर सांगितले आणि दुसऱ्याच दिवशी महामंडळाने ती सापडल्याचे मान्य केले. (ही रीत आपल्याला नवी नाही!) मात्र तो संगणक कार्यालयीन कामाचा होता, अणुभट्टीच्या नियंत्रणाचे जाळे त्यापासून तोडलेले असल्याचा महामंडळाचा खुलासा होता.

रासायनिक कारखान्यांत अशी तोडणी किती ठिकाणी असेल? रिअ‍ॅक्टरचे तापमान मालकाला मुंबईत बसून मोबाइलवर पाहायचे असते, म्हणून यंत्राचा आणि ई-मेलचा संगणक एकाच तारेवर येतात. स्फोट आणि वायुगळती म्हणजे काय, हे बोईसरकरांना सांगायला नको. विषाणू आलेला असतो खंडणीसाठी; पण रिअ‍ॅक्टरला त्याचा हेतू कळत नाही. महागड्या प्रणाली विकणाऱ्यांची आज रीघ लागलेली आहे. माझ्या मते पहिला खर्च ही तार तोडण्यावर व्हावा.

दुसऱ्या उपायाला तर खर्चच नाही. कच्चा माल पुरवणाऱ्याच्या नावाने मेल येतो, 'आमचे बँक खाते बदलले आहे'; पत्त्यात फरक एका अक्षराचा. अशा वेळी त्या मेलमधल्या नंबरावर नव्हे, डायरीतल्या जुन्या नंबरावर फोन करून विचारायचे. हिशेबाची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यायची आणि काम झाले की डिस्क काढून कपाटात ठेवायची. जोडलेली राहिली तर खंडणीखोर तिलाही कुलूप लावतो.

आणि तरीही पैसे गेलेच, तर १९३० वर लगेच फोन. अशा घटना सहा तासांत सर्ट-इन या सरकारी यंत्रणेला कळवण्याचे बंधन २०२२ पासून आहे. पण बभ्रा झाला तर ग्राहक दुरावेल, या धास्तीने शनिवारी रात्री लुटला गेलेला मालक सोमवारची वाट पाहतो, आणि तोवर पैसे चार खात्यांतून पुढे सरकलेले असतात.