‘असॅसिन्स क्रीड’चे पाच भाग आणि पुराव्यातली पोकळी

१/
१५ एप्रिल २०१९. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलच्या छताला संध्याकाळी आग लागली आणि पाहता पाहता तिचा उंच, निमुळता मनोरा कोसळला. आग पुरती विझण्याआधीच समाजमाध्यमांवर एक दिलासा फिरू लागला : चिंता नको, ‘असॅसिन्स क्रीड : युनिटी’ या व्हिडिओ गेममध्ये ही वास्तू जशीच्या तशी जतन आहे, तिच्यावरून ती पुन्हा उभारता येईल. दिलासा गोड होता, पण खोटा होता. पुनर्बांधणीच्या कामी आली ती कलेतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी आगीच्या कैक वर्षे आधी लेसर किरणांनी केलेली मोजणी. तिच्यात एक अब्जाहून अधिक बिंदू नोंदलेले होते. गेममधली वास्तू डोळ्यांसाठी घडवलेली होती, गवंड्यासाठी नव्हे.

त्यातही गंमत अशी, की गेममधला मनोरा मुळात त्या काळचा नाहीच. ‘युनिटी’ घडते फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात. कॅथेड्रलचा मध्ययुगीन मनोरा जीर्ण झाल्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस उतरवला गेला होता. जगाने कोसळताना पाहिला तो मनोरा व्हिओले-ल्-द्युक या वास्तुरचनाकाराचा, १८५९ मध्ये पूर्ण झालेला. मनोऱ्यावाचून नोत्र दाम खेळाडूला ओळखीचे वाटले नसते, म्हणून तो सत्तर वर्षे आधीच उभा करण्यात आला.

२/
२००७ पासून चाललेल्या या मालिकेतला सर्वोत्तम भाग कोणता, हा वाद तिच्या चाहत्यांत कधी मिटत नाही. कुणी लढाईच्या रंगतीवर भाग तोलतो, कुणी शहराच्या देखणेपणावर, कुणी नायकावर. इतिहासाची ओढ असलेल्याने मात्र वेगळे माप लावायला हवे : जिथे पुरावा संपतो, तिथे हा भाग काय करतो?

मराठी वाचकाला हा प्रश्न परका नाही. बखर आणि अस्सल पत्र यांतला भेद वि. का. राजवाड्यांनी शतकापूर्वीच ठामपणे मांडला. बखरकार प्रसंग रंगवतो, दोघांच्या एकांतातले बोलणेही शब्दशः सांगतो. बखर म्हणून ती वाचण्यात दोष नाही. दोष आहे तो बखरीला दफ्तर समजण्यात. व्हिडिओ गेम ही आजची बखर आहे आणि तिच्यात तर वाचक स्वतः चालतो-फिरतो. म्हणून आपण कल्पनेच्या हद्दीत केव्हा शिरलो, याची खूण जो भाग देतो, तो श्रेष्ठ. या मापाने पाच भागांची उतरंड लावली, तर ती नेहमीच्या यादीहून बरीच निराळी निघते.

३/
पाचवा क्रमांक : ‘युनिटी’ (२०१४).

देखणेपणात या भागाला मालिकेत तोड नाही. गर्दीने ओसंडणारे चौक, राजवाड्यांची दालने, त्यांच्याच पलीकडे दारिद्र्याने पिचलेल्या वस्त्या. पण या पॅरिसमध्ये क्रांती का झाली, याचे उत्तर मात्र सापडत नाही. गेम प्रसिद्ध होताच फ्रान्समधील डावे नेते जाँ-लुक मेलाँशों यांनी रोब्सपिएरच्या चित्रणावर कडाडून टीका केली. टीकेमागे राजकारण होते, तरी तिच्यात तथ्यही होते. रोब्सपिएर इथे एका गुप्त संघटनेच्या हातचे क्रूर प्यादे आहे. याच माणसाने १७९१ मध्ये फाशीची शिक्षा रद्द करावी म्हणून भाषण केले होते. त्या भाषणापासून गिलोटिनपर्यंतचा त्याचा प्रवास हेच क्रांतीचे खरे कोडे आहे आणि गेमला ते दिसलेलेच नाही.

एक बारीक उदाहरण पुरेसे आहे. जुलै १७९४ मध्ये अटकेच्या रात्री रोब्सपिएरचा जबडा गोळीने फुटला. गोळी त्याने स्वतः झाडली की एका शिपायाने, याबद्दल इतिहासकारांत आजही एकमत नाही. गेम तिसरेच उत्तर देतो : काल्पनिक नायिका एलीझ त्याच्यावर गोळी झाडते. पोकळी भरली गेली आणि इथे पोकळी होती हे खेळाडूला कळलेही नाही.

४/
चौथा क्रमांक : ‘असॅसिन्स क्रीड २’ (२००९).

हा बहुतेकांचा लाडका भाग आणि तो लाड समजण्यासारखा आहे. एत्सिओ हा तरुण फ्लॉरेन्सच्या कौलांवरून धावत सुटला, की पंधराव्या शतकातली इटली पुस्तकातून उठून समोर येते. वास्तू आणि व्यक्तींवरील टिपणांची या गेममधली नोंदवही वाचून अनेकांना इतिहासाची पहिली गोडी लागली.

कथेच्या मध्यभागी आहे पात्सी कट. २६ एप्रिल १४७८ रोजी, रविवारी, कॅथेड्रलमध्ये प्रार्थना चालू असताना मेदिची बंधूंवर हल्ला झाला. जूलियानो ठार झाला, लोरेन्झो जखमी होऊन निसटला. या कटामागे पेढ्यांचे वैर होते. मेदिची आणि पात्सी ही दोन्ही सावकारी घराणी. पोप चौथा सिक्स्टस आणि मेदिची यांचे बिनसले, ते इमोला या गावाच्या खरेदीसाठी लागणाऱ्या कर्जावरून. आणि पोपचे खाते पात्सींच्या पेढीकडे गेले. हिशेबाच्या वहीतून खंजीर कसा निघतो, याचा याहून चांगला धडा मिळणे अवघड. गेम मात्र सगळ्याचा उगम टेम्पलरांच्या प्राचीन कारस्थानात शोधतो. व्याज, कर्ज, मत्सर ही माणसांची कारणे मागे पडतात.

लिओनार्दो दा विंची इथे नायकाचा हसतमुख, कल्पक मित्र आहे. खऱ्या लिओनार्दोचे या कटाशी जोडलेले एक रेखाचित्र आजही उपलब्ध आहे. मारेकऱ्यांपैकी बेर्नार्दो बान्दिनी कॉन्स्टँटिनोपलला पळाला होता. सुलतानाने त्याला परत धाडले आणि १४७९ मध्ये त्याला फासावर लटकवण्यात आले. लिओनार्दोने तो लटकता देह चितारला आणि कडेला त्याच्या कपड्यांचे रंग टिपून ठेवले. गेममध्ये हाच बान्दिनी एत्सिओच्या हातून मरतो. रंग टिपणारा तो थंड, तटस्थ तरुण गेमच्या लिओनार्दोपेक्षा कितीतरी अधिक विलक्षण आहे.

५/
तिसरा क्रमांक : ‘ब्लॅक फ्लॅग’ (२०१३).

हा भाग वरवर पाहता निव्वळ मौजेचा. निळा समुद्र, शिडांची जहाजे, खलाशांची गाणी. पण तो एक अवघड प्रश्न हळूच हातात ठेवतो : चाचा म्हणजे नेमका कोण? १७१३ च्या तहांनी स्पेनच्या वारसाहक्काचे युद्ध मिटत गेले आणि राजाच्या परवान्याने शत्रूची जहाजे लुटणारे हजारो खलाशी बेकार झाले. तेच काम त्यांनी परवान्याविना चालू ठेवले आणि ते चाचे ठरले. त्यांना वठणीवर आणायला १७१८ मध्ये बहामा बेटांवर गव्हर्नर म्हणून आला वूड्स रॉजर्स. तो स्वतः असाच परवानाधारक लुटारू होता. फरक होता तो कागदाचा.

त्याच १७१८ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी खांदेरीवर आरमार धाडले आणि हात हलवत परत आणले. समोर होते मराठ्यांचे सरखेल कान्होजी आंग्रे. इंग्रजी कागदांत त्यांचा उल्लेख चाचा म्हणूनच येतो. स्वराज्याच्या सनदेने किनाऱ्यावर दस्तक लावणारा सेनानी कंपनीच्या दफ्तरात लुटारू होतो, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला नासाऊ बंदरातले संवाद अधिक खोलवर ऐकू येतात.

या भागाचे न्यून त्याच्या साधनांत आहे. ॲन बॉनी, मेरी रीड यांच्या आयुष्याचा बराचसा तपशील १७२४ च्या एकाच पुस्तकावर उभा आहे. त्यावर लेखकाचे नाव कॅप्टन चार्ल्स जॉन्सन असे छापले आहे. पण हा जॉन्सन खरा कोण, हे आजवर सिद्ध झालेले नाही. ज्या पुस्तकाचा कर्ताच अज्ञात, त्याच्यावर केवढी इमारत! गेम तिच्यावर आणखी एक मजला चढवतो आणि पायाविषयी अवाक्षर काढत नाही.

६/
दुसरा क्रमांक : पहिला ‘असॅसिन्स क्रीड’ (२००७).

आज तो रखरखीत वाटतो. तीच ती कामे, तेच ते फेरे. पण इतिहासकाराच्या कामाची रीत त्याच्याइतकी दुसऱ्या कुठल्याच भागात उतरलेली नाही. ११९१ सालचे दमास्कस, एकर, जेरुसलेम. नायक आल्ताइरला प्रत्येक हत्येपूर्वी माहिती गोळा करावी लागते : कुणाचे बोलणे चोरून ऐकायचे, कुणाचे पत्र पळवायचे, कुणाला बोलते करायचे. मग मरणारा माणूस स्वतःची बाजू सांगतो आणि ती ऐकीव माहितीशी जुळत नाही. अखेरीस कळते, की आदेश देणारा गुरूच खोटे बोलत होता. साक्षी ताडून पाहा, सांगणाऱ्याचा हेतू तपासा, हे धडे इथे खेळता खेळता मिळतात. नकाशाची हद्द आली, की एक धूसर भिंत उभी राहते आणि ‘ही स्मृती उपलब्ध नाही’ असे बजावते. पोकळीची इतकी उघड कबुली मालिकेने क्वचितच दिली.

तरीही पहिला मान त्याला देता येत नाही. कथेचे मूळ व्लादिमिर बार्तोल यांच्या ‘अलामूत’ (१९३८) या स्लोव्हेनियन कादंबरीत आहे आणि तिचे मूळ क्रुसेडरांनी व मार्को पोलोने पसरवलेल्या दंतकथांत. अंमली पदार्थाच्या धुंदीत स्वर्ग दाखवून मारेकरी घडवल्याची ती कथा फरहाद दफ्तरी यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात पुराव्यानिशी खोडून काढली. खरे ‘असॅसिन’ म्हणजे निझारी इस्माइली, शिया पंथाचा एक समाज. गेमने त्यांचा धर्म काढून घेतला आणि त्यांना श्रद्धाहीन मुक्तविचारी बनवले.

हा समाज दंतकथेत विरून गेलेला नाही. त्यांचे इमाम पहिले आगाखान १८४० च्या दशकात इराणमधून मुंबईला आले. खोजा समाजाचा पंथ कोणता, हा वाद १८६६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती आर्नूल्ड यांच्यापुढे चालला. अलामूतचा इतिहास तिथे वकिलांच्या तोंडून उलगडला गेला आणि निकाल आगाखानांच्या बाजूने लागला. माझगावच्या हसनाबादेत त्यांची कबर आहे. आल्ताइरचा खरा वारसा शोधणाऱ्याला सीरियाला जाण्याची गरज नाही. डॉकयार्ड रोड स्थानकाला उतरले तरी पुरे.

७/
पहिला क्रमांक : ‘ओरिजिन्स’ (२०१७).

क्लिओपात्रा आणि तिचा भाऊ यांच्या सत्तासंघर्षातला इजिप्त. इथली पोकळी सर्वांत मोठी. प्राचीन अलेक्झांड्रियाचा पुष्कळसा भाग आजच्या शहराखाली आणि समुद्राखाली आहे. तिथले जगप्रसिद्ध ग्रंथालय दिसायचे कसे, हे कुणालाच ठाऊक नाही. निर्मात्यांना अंदाज बांधणे भागच होते. वेगळेपण असे, की त्यांनी आपले अंदाज कबूल केले.

फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘डिस्कव्हरी टूर’ आली. लढाया वगळलेल्या त्याच इजिप्तमधून हिंडवणाऱ्या ७५ सहली. त्यांत निर्माते आपली तडजोडही सांगतात. गेममधल्या शाळेत मुले-मुली एकत्र बसतात. खरी परिस्थिती तशी नव्हती आणि हा बदल आपण जाणून केला, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. निर्णय पटो वा न पटो, तो लपवलेला नाही. शाळांत वापरण्यासाठी नग्न शिल्पांवर शिंपले बसवण्याचीही सोय आहे. पाहणाऱ्याला हसू येते. पण शिंपला पाहताच कळते, की इथे आजच्या माणसाचा हात फिरला आहे. ‘युनिटी’च्या मनोऱ्यावर अशी एकही खूण नव्हती.

८/
यावर एक आक्षेप रास्त आहे. ही कबुली मूळ कथेत नसून शेजारच्या दालनात आहे आणि तलवार हाती घेतलेले कित्येक खेळाडू तिकडे फिरकतही नसतील. हे खरेच. पण ज्याला जायचे आहे, त्याच्यासाठी दार उघडे आहे. इतर चार भागांत ते दार खेळाडूला स्वतः शोधावे लागते : कुठे ग्रंथात, कुठे न्यायालयाच्या निकालात, कुठे एका रेखाचित्राच्या कडेला.

शेवटी एक प्रसंग. गीझाच्या थोरल्या पिरॅमिडच्या पोटात काय आहे, हे रंगवताना ‘ओरिजिन्स’ने फ्रेंच वास्तुरचनाकार जाँ-पिएर हूदँ यांची विवाद्य उपपत्ती उचलली आणि आत अज्ञात वाटा व दालने दाखवली. गेम आला २७ ऑक्टोबर २०१७ ला. २ नोव्हेंबरला, जेमतेम सहा दिवसांनी, शास्त्रज्ञांनी म्यूऑन कणांच्या साहाय्याने त्याच पिरॅमिडमध्ये किमान ३० मीटर लांबीची पोकळी सापडल्याचे जाहीर केले. गेमचे भाकीत खरे ठरले, असे म्हणण्याचा मोह कुणालाही होईल. तसे म्हणता येत नाही. ती पोकळी म्हणजे दालन आहे, वाट आहे की बांधकामात राहिलेली मोकळी जागा, हे ठरलेले नाही. गेममध्ये मशाल घेऊन तिथवर चालत जाता येते. खऱ्या पिरॅमिडमध्ये तिथवर अजून कुणी पोहोचलेले नाही.