संगणकाची कॅश क्रेडिट मर्यादा

पेढीवर संगणक घेताना त्याची किंमत विचारली जाते, प्रिंटर जोडता येईल का हेही पाहिले जाते. परंतु त्याच्या खेळत्या भांडवलाची चौकशी क्वचितच होते. ‘विंडोज १०’चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि ही चौकशी निकडीची झाली. उदगीरच्या मोंढ्यातील अडत दुकानात किंवा डाळ मिलच्या कार्यालयात असलेला जुना, पण चालता संगणक ‘विंडोज ११’च्या अटींत बसत नसेल, तर तो लगेच भंगारात काढण्याचे कारण नाही. त्यावर लिनक्स ही विनामूल्य कार्यप्रणाली बसवता येते. हिशेबाचे आपले सॉफ्टवेअर लिनक्सवर चालते का, एवढी खात्री आधी करून घ्यावी. त्यानंतर एक प्रश्न उरतो : स्वॅपसाठी जागा ठेवायची की नाही? व्यवहार जाणणाऱ्यास याचे उत्तर सहज देता येण्यासारखे आहे.

संगणकाची मेमरी, म्हणजे रॅम, हे त्याचे स्वतःचे भांडवल होय. उघडलेला प्रत्येक प्रोग्राम, मग तो हिशेबाचा असो वा ब्राउझर, त्यातून आपला हिस्सा उचलतो. भांडवल संपत आले की लिनक्स मेमरीतील बराच काळ न वापरलेला भाग डिस्कवर राखलेल्या जागेत नेऊन ठेवते आणि गरज पडताच परत आणते. ही राखीव जागा म्हणजे स्वॅप. बँकेने पेढीला मंजूर केलेल्या कॅश क्रेडिट मर्यादेशी तिचे जवळचे साम्य आहे. दसरा-दिवाळीला सोयाबीनची आणि संक्रांतीच्या सुमारास तुरीची आवक वाढते, तेव्हा घरची रक्कम अपुरी पडते आणि ही मर्यादा कामी येते. व्याज मात्र द्यावे लागते. स्वॅपचे व्याज वेळेच्या रूपाने भरावे लागते. मेमरीतील नोंद नॅनोसेकंदांत हाती येते. फिरत्या हार्ड डिस्कवरील नोंदीस काही मिलिसेकंद लागतात. हा फरक लाख पटीच्या घरात जातो. एसएसडीवर तो पुष्कळ कमी होतो, पण नाहीसा होत नाही.

लिनक्समध्ये ही सोय आली तीही अडचणीतून. हेलसिंकीतील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्स प्रसिद्ध केले. जर्मनीतील एका वापरकर्त्याच्या यंत्रात अवघी २ मेगाबाइट मेमरी होती. तेवढ्यात त्याचे काम भागेना. टोरवाल्ड्स यांनी त्या वर्षीच्या नाताळच्या दिवसांत डिस्कचा आधार घेण्याची व्यवस्था लिहून काढली. आज साध्या संगणकातही ८ गिगाबाइट, म्हणजे त्याच्या चार हजार पट मेमरी आढळते. ‘मेमरीच्या दुप्पट स्वॅप’ हा जुना नियम आता डोळे मिटून पाळण्याचे प्रयोजन उरलेले नाही.

मग स्वॅप मुळीच नको काय? महिन्याची २० तारीख, जीएसटीआर-३बी भरण्याचा शेवटचा दिवस. ब्राउझरमध्ये दहा पाने उघडी आणि शेजारी खरेदी-विक्रीचे तक्ते. अशा वेळी मेमरी संपली आणि स्वॅप नसेल, तर सारे यंत्र कोलमडू नये म्हणून लिनक्स एखादा चालू प्रोग्राम स्वतःच बंद करते. बहुधा सर्वाधिक मेमरी व्यापणाऱ्यावर ही पाळी येते आणि ‘काम जतन करू का?’ असे विचारलेही जात नाही. थोडी स्वॅप असेल, तर यंत्र आधी मंदावते. ती मंदगती हीच सूचना समजावी. काम जतन करून अनावश्यक पाने मिटवण्यास तेवढा अवधी मिळतो.

मर्यादा मंजूर झाली म्हणजे भांडवल वाढले, असे मात्र नाही. ज्या खात्यातील उचल बारा महिने शिगेला टेकलेली असते, ते खाते बँकेच्या लेखी निरोगी नसते. संगणकालाही हाच न्याय लागू पडतो. ‘सिस्टिम मॉनिटर’मध्ये स्वॅपचा थोडा वापर दिसला तर घाबरू नये, निष्क्रिय भाग तेथे पडून राहणे स्वाभाविक आहे. परंतु यंत्र डिस्कशी अखंड देवघेव करीत असेल, प्रत्येक क्लिकला अडखळत असेल, तर स्वॅप वाढवून उपयोग नाही. तेथे रॅमच वाढवली पाहिजे.

पेढीच्या कामासाठी ढोबळ प्रमाण असे धरावे : ४ गिगाबाइट मेमरीला तेवढीच स्वॅप, ८ ला २ ते ४, आणि १६ असल्यास २ गिगाबाइट पुरे. वीज जाण्यापूर्वी उघडे काम जसेच्या तसे डिस्कवर ठेवून यंत्र पूर्ण बंद करण्याची, म्हणजे हायबरनेटची सोय हवी असेल, तर स्वॅप मेमरीपेक्षा किंचित अधिक ठेवावी आणि ही सोय सुरू करून तपासून घ्यावी. आज घेतलेला निर्णय उद्या बदलता येतो. उबुंटूने १७.०४ या आवृत्तीपासून स्वतंत्र विभागाऐवजी साध्या फाइलची पद्धत स्वीकारली. ही फाइल नंतर लहान-मोठी करता येते. फेडोराने २०२० मधील ३३ व्या आवृत्तीपासून मेमरीतच माहिती दाबून बसवणारी झेडरॅम पद्धत पुढे आणली. कमी मेमरीच्या जुन्या यंत्रास तीही उपकारक ठरते.

एक सावधगिरी राहिली. मेमरीतील मजकूर स्वॅपद्वारे डिस्कवर उतरतो. त्यात पासवर्ड किंवा ग्राहकांची माहितीही असू शकते. म्हणून जुनी डिस्क विकण्यापूर्वी ती तंत्रज्ञाकडून पूर्णपणे पुसून घ्यावी, अथवा प्रणाली बसवतानाच डिस्क कूटबद्ध करावी. रद्दी विकताना जुन्या वह्यांतील खात्यांची पाने वेगळी काढणाऱ्या पेढ्यांना ही काळजी नवी वाटू नये.