कॅमेरा बापाच्या कर्जाचा, फोटो मालकाचा

महिन्याच्या अखेरच्या दिवशी आपल्या कोणत्याही डेपोत, शेडमध्ये किंवा मुख्य टपाल कार्यालयात जा, सेवानिवृत्तीचा समारंभ चालू असतो. शाल, श्रीफळ, साहेबांचे दोन शब्द, डोळे पुसणारी वहिनी, आणि कोपऱ्यात फोटोग्राफर. तो पोरगा कोण, आपण त्याला काय देतो, त्याचे पोट कशावर चालते, ही चौकशी आम्हीही कधी केली नव्हती. गेल्या वर्षी अशाच एका समारंभात फोटो काढणारी मुलगी आमच्याच एका ट्रॅकमन बंधूची निघाली. उपयोजित कलेची पदवी, छायाचित्रण हा खास विषय, निकाल पहिल्या वर्गाचा. पदवी हाती येऊन सव्वा वर्ष झाले होते आणि नोकरीचा पत्ता नव्हता.

तिची हकिगत थोडक्यात अशी. पदवीनंतर उपनगरातल्या एका स्टुडिओत ती ‘इंटर्न’ म्हणून लागली. आठ महिने राबली. पगार नाही, जाण्यायेण्याचे पैसे कधी मिळाले, कधी नाही. कॅमेरा स्वतःचा आणायचा ही पहिल्याच दिवशीची अट. म्हणून वडिलांनी पतपेढीतून एक लाख चाळीस हजारांचे कर्ज काढले, तेव्हा कुठे एक कॅमेरा आणि दोन बऱ्यापैकी लेन्स आल्या. हप्ते छत्तीस. लग्नसराईत सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या पाठवणीपर्यंत उभे राहायचे, शेवटची लोकल चुकली तर मंगल कार्यालयातल्या खुर्च्या जोडून पडायचे, आणि दुसऱ्या दिवशी घरी बसून दोन-अडीच हजार फोटोंतून दोनशे निवडायचे. गिऱ्हाइकाकडून स्टुडिओ पूर्ण बिल घेत होता. हिने पगाराचा विषय काढला तेव्हा उत्तर मिळाले, “तू कर्मचारी नाहीस, शिकायला आली आहेस.” ती बाहेर पडली. दुसरीकडे दाखवायला स्वतः काढलेल्या फोटोंतून चाळीस निवडून तिने संच तयार केला. लगेच निरोप आला की हे फोटो स्टुडिओचे आहेत, वापरलेस तर वकिलाची नोटीस येईल.

म्हणजे पगार मागितला तेव्हा ती नोकर नव्हती. फोटो मागितले तेव्हा मात्र एकाएकी नोकर झाली.

ही हकिगत सांगितल्यावर आमच्यातलेच काही बंधू म्हणाले, असला विषय घ्यायला सांगितला कोणी? रेल्वे भरतीचा फॉर्म भरायचा होता. हा शेरा आम्हाला मान्य नाही. ज्यांनी आयुष्यभर रुळावर किंवा सॉर्टिंगच्या टेबलावर काढले त्यांच्या मुलांनी दुसऱ्या कलेकडे वळू नये, असा काही नियम नाही. शिवाय ही काही श्रीमंतांची हौस राहिलेली नाही. मुंबईचे सर ज. जी. उपयोजित कला महाविद्यालय, बडोद्याची कला शाखा, हैदराबादच्या जवाहरलाल नेहरू वास्तुकला व ललित कला विद्यापीठातला छायाचित्रणाचा पदवी अभ्यासक्रम, गांधीनगरच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतला पदव्युत्तर अभ्यासक्रम, या ठिकाणी मध्यम आणि कामगार घरांतली मुले शिकतात. सिकंदराबादला किंवा बडोद्याला नोकरी करणाऱ्या आपल्या मराठी बंधूंना हे नव्याने सांगायला नको. पदवी मिळते. त्यापुढचे दार कुणी उघडत नाही.

वृत्तपत्राचे दार एकेकाळी सर्वांत मोठे होते. होमाई व्यारावाला ज. जी. तच शिकल्या. या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांचे नाव घेतले जाते आणि २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. पण त्यांचे सुरुवातीचे फोटो पतीच्या नावाने छापून येत. १९४२ मध्ये ब्रिटिश माहिती खात्यात काम मिळाले म्हणून त्या दिल्लीला गेल्या. म्हणजे स्वतःच्या फोटोखाली स्वतःचे नाव यावे ही तक्रार आजची नाही. आता तर वृत्तपत्रांतल्या छायाचित्रकारांच्या कायम जागाच आटत चालल्या आहेत. अमेरिकेत मे २०१३ मध्ये ‘शिकागो सन-टाइम्स’ने आपले सर्वच्या सर्व २८ छायाचित्रकार एका दिवसात घरी पाठवले आणि बातमीदारांच्या हाती फोन देऊन काम भागवायचे ठरवले. आपल्याकडे असा एका दिवसाचा घाव दिसत नाही. एक माणूस निवृत्त होतो, जागा भरली जात नाही, आणि त्याच्याऐवजी दर फोटोमागे काही रुपये घेणारा मुलगा उभा राहतो.

जुन्या आरएमएस बंधूंना ‘फोटो आहे, मुडपू नये’ असे लिहिलेली जाड पाकिटे आठवत असतील. ती पाकिटे गेली, फोटो आता क्षणात पोहोचतो. पण काढणाऱ्याचा मोबदला अजून बैलगाडीनेच येतो.

रेल्वेच्या जनसंपर्क विभागात, पुरातत्त्व खात्यात, न्यायवैद्यक प्रयोगशाळांत छायाचित्रकाराची पदे असतात, पण ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. उरते ते लग्नाचे काम आणि ऑनलाइन दुकानांचे काम. दुसऱ्या प्रकारात एका पांढऱ्या पडद्यापुढे दिवसभर कुर्ते, चपला, डबे ठेवायचे आणि फोटो काढत राहायचे. त्यात कला कमी आणि कारखाना जास्त आहे. पण तिथे निदान हजेरी असते, महिन्याला पैसे हातात पडतात. ज्याला पहिली नोकरी हवी त्याने या कामाला नाक मुरडू नये, असे आमचे मत आहे. प्रकाशाचे गणित तिथेही पक्के होते.

आता कायद्याविषयी. वृत्तछायाचित्रकार हा ‘श्रमिक पत्रकार’ आहे, हे १९५५ च्या कायद्यातच लिहिले होते. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी नोव्हेंबर २०११ मध्ये जाहीर झाल्या आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या, त्यातही हा वर्ग होता. तो जुना कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे आणि चारही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. या संहितांबद्दल आपल्या चळवळीची नाराजी आहे आणि ती योग्य आहे. तरीही वेतन संहितेत किमान वेतन सर्व कामगारांना लागू केले आहे आणि महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा आहे, ही दोन कलमे स्टुडिओतल्या मुलामुलींनी पाठ करून ठेवावीत.

मालक म्हणेल, हा शिकाऊ आहे. ठीक आहे. मग १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याप्रमाणे लेखी करार कुठे आहे? त्याची नोंद कुठे आहे? २०१४ च्या दुरुस्तीने हा कायदा अभियांत्रिकीबाहेरच्या पदवीधरांनाही खुला झाला आणि २०१९ साली पदवीधर शिकाऊला महिना किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरले. करार नाही, नोंद नाही, विद्यावेतन नाही, आणि गिऱ्हाइकाला लावायचे काम मात्र रोज करून घ्यायचे, याला शिक्षण म्हणत नाहीत. आमच्या मते ही सरळ वेठबिगारी आहे. आणि मुलगी विनापगारी असली तरी २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा तिला पूर्ण लागू आहे. त्यात प्रशिक्षणार्थी धरले आहेत, मोबदला असो वा नसो.

फोटोंच्या मालकीबाबतही गोंधळ नको. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे फोटो काढणारा हाच त्याचा कर्ता. पण तो नोकरीत असेल तर, वेगळा करार नसल्यास, हक्क मालकाकडे जातो. पैसे देऊन कुणी फोटो काढून घेतला असेल तर तो त्या गिऱ्हाइकाकडे जातो. स्वतःहून काढून विकलेला फोटो काढणाऱ्याचा राहतो. मात्र हा फोटो मी काढला, असे म्हणण्याचा अधिकार हक्क दुसऱ्याकडे गेल्यावरही कलम ५७ प्रमाणे कर्त्याकडेच असतो. म्हणून कामावर रुजू होतानाच एक ओळ लिहून घ्यावी: मी काढलेले फोटो माझे काम म्हणून दाखवायला मला परवानगी आहे. कागद न देणारा मालक पुढे पैसेही देणार नाही, असे समजायला हरकत नाही.

नुसत्या शिकाऊ उमेदवारीने नोकरी मिळते असाही भ्रम आपण ठेवू नये. परळ, माटुंगा, भुसावळच्या कारखान्यांतले ॲक्ट ॲप्रेंटिस आपल्याला माहीत आहेत. २० मार्च २०१८ रोजी माटुंगा आणि दादरच्या दरम्यान त्यांनी रूळ अडवले, तेव्हा मुंबईला त्यांचा प्रश्न कळला. पण त्यांच्या हातात प्रमाणपत्र होते, सरकारदरबारी नोंद होती, आणि दाद मागायला एक रेल्वे मंत्रालय होते. स्टुडिओतल्या पोरांनी कुणाचे रूळ अडवायचे? तीन मुले एका स्टुडिओत, चार दुसऱ्यात, आणि एकाने नाही म्हटले की उद्या दुसरा फुकट यायला तयार.

आमची पालकांना विनंती आहे की मुलाला काम मिळण्याआधी कॅमेऱ्यासाठी पतपेढीचे दार ठोठावू नका. भाड्याने कॅमेरा मिळतो, दिवसाच्या दराने मिळतो. महिनाभर भाड्याने काम करून बघू द्या, मग कर्जाचे बघा. ज्या नोकरीची पहिली अट बापाचे कर्ज आहे, तिथे मालकाचे भांडवल आपण पुरवत असतो.

आणि आता आमची स्वतःची गोष्ट. त्या समारंभाचे बिल आम्ही नंतर काढून पाहिले. चार तासांचे काम, अल्बमसह, आठशे रुपये. तेही दोन महिन्यांनी दिलेले. पावतीवर मुलीचे नाव नव्हते, ‘फोटो खर्च’ एवढेच होते. गेली कित्येक वर्षे समान कामाला समान दाम म्हणून घोषणा देणाऱ्या शाखेची ही वही आहे. शाखेच्या बैठकीत हा विषय आम्हीच मांडला. थोडी कुरकूर झाली, खजिनदारांनी निधीचे कारण सांगितले, पण ठराव झाला. या महिनाअखेरीस आमच्याकडे चार जण निवृत्त होत आहेत. दर लेखी ठरला आहे, निम्मे पैसे आगाऊ दिले आहेत, आणि वार्तापत्रात छापल्या जाणाऱ्या प्रत्येक फोटोखाली तिचे नाव जाणार आहे.