विश्लेषण: बिटकॉइनच्या 'खाणी'त उतरण्याआधी चंद्रपूर-गडचिरोलीतल्या नवख्यांनी कोणता हिशेब तपासावा?

चंद्रपूरकराला खाण म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. बल्लारपूर, घुग्घुस, दुर्गापूर, राजुरा या पट्ट्यात वेकोलिच्या कोळसा खाणींवर पिढ्या उभ्या राहिल्या. शेजारच्या गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यातलं सुरजागड लोहखनिजामुळे राज्यभर माहीत झालं. त्यामुळे 'बिटकॉइन मायनिंग' हा शब्द इथे चटकन पटतो. खाण आहे, म्हणजे माल निघणार. जास्त यंत्रं लावली, म्हणजे जास्त माल निघणार.

नेमका इथेच घोटाळा होतो. बिटकॉइनच्या खाणीत जास्त यंत्रं लावली म्हणून एक नाणंही जास्त निघत नाही. हा एक मुद्दा नीट कळला, तर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या बहुतेक 'मायनिंग प्लॅन'चा फुगा तिथेच फुटतो.

मायनिंग म्हणजे नक्की काय होतं?

बिटकॉइनची संकल्पना 'सातोशी नाकामोतो' या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी मांडली गेली आणि ३ जानेवारी २००९ पासून हे जाळं सुरू झालं. यात बँक नाही. कोणी कोणाला किती नाणी पाठवली याची एक सामाईक खातेवही जगभरातले हजारो संगणक सांभाळतात.

या वहीत साधारण दर १० मिनिटांनी एक नवं पान जोडलं जातं. त्याला ब्लॉक म्हणतात. पान जोडण्याचा मान मिळवण्यासाठी यंत्रं एका सेकंदात अब्जावधी आकडे आजमावत असतात. ज्याचा आकडा आधी लागेल त्याला बक्षीस. सुरुवातीला ते ५० बिटकॉइन होतं. साधारण दर चार वर्षांनी ते निम्मं होतं. एप्रिल २०२४ पासून ते ३.१२५ बिटकॉइनवर आलं आहे. एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या वर कधीच जाणार नाहीत.

आता महत्त्वाची गोष्ट. जगात यंत्रं वाढली, तर दर २०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, कोडं आपोआप अवघड होतं. त्यामुळे दिवसाला सरासरी १४४ ब्लॉक आणि ४५० नवी नाणी, हे गणित तिथल्या तिथेच राहतं. यंत्रं दुप्पट झाली की प्रत्येकाचा वाटा निम्मा होतो, एवढंच.

घरी यंत्र लावलं तर परवडेल का?

मोबाइल किंवा लॅपटॉपवर बिटकॉइन काढण्याचा काळ २०१३ च्या सुमारासच संपला. आता त्यासाठी 'एसिक' नावाची खास यंत्रं लागतात. मोबाइलवर मायनिंग करणाऱ्या अ‍ॅपना गुगलनेही २०१८ मध्ये प्ले स्टोअरवर मनाई केली. म्हणून 'अ‍ॅप डाउनलोड करा, रोज बिटकॉइन कमवा' असं कोणी सांगत असेल, तर त्या मोबाइलमध्ये मायनिंग होतच नसतं.

खऱ्या यंत्राचा हिशेब करून पाहू. सध्याच्या पिढीतलं २०० टेराहॅशचं एक यंत्र सुमारे ३,५०० वॅट वीज खातं. २४ तास चाललं की दिवसाला ८४ युनिट, महिन्याला २,५२० युनिट.

समजा, जगातल्या सगळ्या यंत्रांची ताकद १,००० एक्झाहॅश आहे आणि एका बिटकॉइनचा भाव ८० लाख रुपये आहे. मग या यंत्राच्या वाट्याला दिवसाला ०.००००९ बिटकॉइन येतं, म्हणजे ७२० रुपये. वीज सगळे आकार धरून युनिटला १२ रुपये पडली, तर दिवसाचं बिल १,००८ रुपये. रोजचा तोटा २८८ रुपये. यंत्राची किंमत, आयातीचे कर, पंखे, दुरुस्ती अजून यात धरलेलंच नाही.

भाव आणि ताकद रोज बदलते, त्यामुळे ज्या दिवशी विचार कराल त्या दिवशीचे आकडे घालून हेच गणित पुन्हा मांडायचं. पद्धत तीच राहते.

वीज तर आपल्याच जिल्ह्यात तयार होते ना?

होते. चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचं आहे आणि महानिर्मितीचं सर्वात मोठं औष्णिक केंद्र तेच. पण चिमणी दारात असली म्हणून बिल कमी येत नाही. महावितरणचे दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो आणि चंद्रपूरच्या ग्राहकाला तेच दर लागतात जे पुणे-नाशिकच्या ग्राहकाला लागतात. घरगुती वापर महिन्याला ५०० युनिटच्या वर गेला, की सर्वात महागड्या टप्प्याचा दर लागतो. घरगुती मीटरवर धंदा चालवल्याचं आढळलं, तर अनधिकृत वापर म्हणून दंडाची आकारणी होऊ शकते, ते वेगळंच.

दुसरी अडचण उन्हाची. ही यंत्रं साधारण ४० अंशांपर्यंतच्या हवेत चालतील अशी बनवलेली असतात. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीत मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. म्हणजे यंत्र थंड ठेवायला आणखी वीज. भूतानसारखा देश स्वतःच्या जलविद्युतेवर, थंड हवेत मायनिंग करतो. आपली स्पर्धा अशांशी असते, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

कराचं काय?

भारतात बिटकॉइन बाळगायला बंदी नाही, पण ते कायदेशीर चलनही नाही. १ एप्रिल २०२२ पासून यावरच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, वर ४ टक्के उपकर. म्हणजे प्रत्यक्षात ३१.२ टक्के. १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएसही कापला जातो. तो विवरणपत्र भरताना हिशेबात धरता येतो.

यात दोन अटी फार जाचक आहेत. एका नाण्यात ५० हजारांचा नफा आणि दुसऱ्यात ५० हजारांचा तोटा झाला, तरी नफ्यावर १५,६०० रुपये कर भरावाच लागतो. आणि मायनिंगसाठी उभारलेल्या यंत्रणेचा खर्च खरेदीची किंमत म्हणून वजा करता येत नाही, हे केंद्र सरकारने मार्च २०२२ मध्ये संसदेत स्पष्ट केलं आहे.

वरच्या उदाहरणात हे घालून पाहा. ७२० रुपयांतून सुमारे २२५ रुपये कर गेला, उरले ४९५. आता वीज युनिटला ५ रुपये ९० पैशांपेक्षा स्वस्त मिळाली तरच रोजचा खर्च निघतो. यंत्राचे पैसे वसूल होणं तर पुढची गोष्ट.

मग 'आमच्याकडे पैसे द्या, आम्ही मायनिंग करतो' ही योजना?

महाराष्ट्राने याचा मोठा फटका खाल्ला आहे. 'गेनबिटकॉइन' नावाची योजना २०१५ च्या सुमारास सुरू झाली. बिटकॉइन द्या, आम्ही मायनिंग करू, १८ महिने दरमहा १० टक्के परतावा घ्या, असं आश्वासन होतं. नवे सदस्य आणणाऱ्याला दलालीही होती. सुरुवातीला पैसे आले. मग नवे लोक येणं मंदावलं आणि २०१७ च्या सुमारास बिटकॉइनऐवजी 'एमकॅप' नावाचं कंपनीचंच नाणं हाती टेकवलं गेलं. त्याची किंमत नगण्य होती.

नांदेड, पुणे, कोल्हापूरसह देशभर गुन्हे दाखल झाले. मुख्य आरोपी अमित भारद्वाज याला पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. पुढे तपास सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयकडे गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने देशात ६० हून अधिक ठिकाणी छापे घातले. त्यात सुमारे २४ कोटी रुपयांचं क्रिप्टो जप्त झालं. ईडीच्या मते २०१७ मध्ये गोळा केलेल्या बिटकॉइनची किंमत ६,६०० कोटी रुपये होती.

हे आधी ओळखता आलं असतं का? शाळेतलं गणित पुरेसं होतं. तेव्हा जगभरात महिन्याला सुमारे ५४ हजार नवी नाणी निघत. समजा, एखाद्या योजनेत ५० हजार बिटकॉइन जमा झाले. १० टक्क्यांनी महिन्याला ५ हजार वाटावे लागणार. म्हणजे साऱ्या जगाच्या उत्पादनाचा जवळजवळ अकरावा हिस्सा एकट्या योजनेला काढावा लागेल, तोही कोडं दर दोन आठवड्यांनी अवघड होत असताना. ठरावीक परतावा देणारं मायनिंग असूच शकत नाही, कारण मायनिंगचं उत्पन्नच ठरावीक नसतं.

या प्रकरणाला आणखी एक पदर आहे. पोलिसांना तांत्रिक मदत करणाऱ्या दोघा तज्ज्ञांनाच, त्यातला एक माजी आयपीएस अधिकारी, मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. आरोपींच्या खात्यातलं क्रिप्टो परस्पर वळवल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवला गेला. खात्याची किल्ली दुसऱ्याच्या हाती गेली, की माणूस कोण आहे याला फारसा अर्थ उरत नाही.

थोडं बिटकॉइन घ्यायचंच असेल तर?

मायनिंगपेक्षा विकत घेणं सोपं आहे. एका बिटकॉइनचे १० कोटी भाग होतात, त्यामुळे १००-२०० रुपयांचंही घेता येतं. पण काही गोष्टी आधी पक्क्या कराव्यात.

पहिली, एक्स्चेंज. मार्च २०२३ पासून क्रिप्टो व्यवसायाला मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू आहे आणि एक्स्चेंजला केंद्राच्या वित्तीय गुप्तचर विभागाकडे, म्हणजे एफआययूकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी नसलेल्या ठिकाणी जाऊ नये. मात्र नोंदणी म्हणजे पैशाची हमी नव्हे. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्सवर सायबर हल्ला झाला, सुमारे २३ कोटी डॉलरचं क्रिप्टो गेलं आणि ग्राहकांना वर्षाहून अधिक काळ थांबावं लागलं.

दुसरी, किल्ली. स्वतःचं वॉलेट उघडलं, की १२ किंवा २४ इंग्रजी शब्दांची यादी मिळते. ते शब्द ज्याच्याकडे, त्याची नाणी. त्याचा फोटो काढू नये, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नये, कोणत्याही 'कस्टमर केअर'ला सांगू नये. कागदावर लिहून दोन प्रती दोन घरी ठेवाव्यात. पावसाळ्यातली ओल आणि वाळवी कागद खाते, तेव्हा तो प्लास्टिकमध्ये, डब्यात हवा. घरातल्या एका विश्वासू माणसाला डबा कुठे आहे हे माहीत असावं. नाहीतर माणसाबरोबर नाणीही जातात.

तिसरी, पाठवणं. यूपीआयमध्ये चुकलं तर बँकेकडे तक्रार करता येते. इथे गेलेली रक्कम परत ओढता येत नाही. म्हणून पत्ता कधी हाताने टाइप करू नये. कॉपी केल्यावरही सुरुवातीची आणि शेवटची चार-सहा अक्षरं ताडून पाहावीत. आधी छोटी रक्कम पाठवावी, ती पोहोचली की बाकीची. नेटवर्क निवडताना समोरच्याने जे सांगितलं तेच आहे ना, हे पाहावं.

चौथी, धीर. पैसे पोहोचायला १० मिनिटं लागतील किंवा गर्दी असेल तर काही तास. मोठ्या रकमेसाठी सहा ब्लॉक, म्हणजे साधारण तासभर थांबण्याची रीत आहे. भामरागड किंवा एटापल्लीकडे मधेच रेंज गेली, तर घाबरून पुन्हा पाठवू नये. रेंज आल्यावर व्यवहार क्रमांक 'ब्लॉक एक्सप्लोरर' साइटवर टाकून पाहावा. एकदा जाळ्यात गेलेला व्यवहार मोबाइल बंद पडला तरी चालू राहतो.

पाचवी, अनोळखी खरेदीदार. टेलिग्रामवर 'भावापेक्षा चार टक्के जास्त देतो' म्हणणारा जे पैसे खात्यात टाकतो, ते कुणाच्या तरी फसवणुकीतले असू शकतात. मग पोलिसांच्या सूचनेवरून बँक खातं गोठवते. कमिशनवर आपलं खातं वापरायला देणं तर थेट गुन्ह्यात अडकवतं. महाविद्यालयीन मुलांनी हे विशेष ध्यानात ठेवावं.

सर्वात जास्त जपायचं कधी?

या दोन जिल्ह्यांत बऱ्याच घरांत पैसा हंगामाने येतो. तेंदूपत्त्याची मजुरी उन्हाळ्यात, धानाचे चुकारे दिवाळीनंतर. वर्षाचा पैसा एकदम हातात असतो आणि पुढची पेरणी, आजारपण, मुलांची फी त्यातूनच भागायची असते. योजना घेऊन येणारा अनेकदा गावचाच, नात्यातला असतो. कधी तो स्वतःही फसलेला असतो आणि आपले पैसे सोडवण्यासाठी दुसरे सदस्य शोधत असतो. त्याला नाही म्हणणं अवघड जातं. म्हणून भांडण्यापेक्षा प्रश्न विचारावेत: यंत्रं कुठे आहेत? वीज कितीने पडते? भाव निम्मा झाला तर परतावा कुठून देणार? माझी नाणी आज माझ्या वॉलेटमध्ये काढून देता का?

शेवटच्या प्रश्नावर 'लॉक-इन आहे' किंवा 'आधी टॅक्स भरा, मग निघेल' असं उत्तर आलं, तर आणखी एक रुपयाही देऊ नये.

पैसे गेलेच असतील, तर लाजेपोटी दिवस घालवू नयेत. १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करावा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी आणि जवळच्या पोलीस ठाण्यात जावं. बँकेतून गेलेली रक्कम पहिल्या काही तासांत रोखली जाण्याची शक्यता असते. व्यवहार क्रमांक, वॉलेटचा पत्ता, चॅटचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत, ग्रुपमधून रागाने बाहेर पडण्याआधीच. आणि 'फी द्या, बुडालेलं बिटकॉइन परत आणून देतो' असा फोन त्यानंतर आला, तर ती त्याच फसवणुकीची दुसरी फेरी समजावी.